नोंदवहीतली औषधे

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता देशभरातली टाळेबंदी जाहीर झाली. त्यानंतरच्या दोन दिवसांत सरकारने आजारी माणसांसाठी दोन वाटा मोकळ्या केल्या. २५ मार्चला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आली. डॉक्टरांनी फोनवरून, व्हिडिओवरून, अगदी लेखी निरोपांवरूनही सल्ला द्यावा, चिठ्ठी लिहावी, त्याला नियमांचा आधार राहील, असे त्यांत म्हटले होते. तोवर हा व्यवहार धड वैधही नव्हता आणि धड अवैधही नव्हता. दुसऱ्या दिवशी, २६ मार्चला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढली: औषध दुकानदाराने आपल्या महसुली जिल्ह्यात घरपोच औषधे द्यायला हरकत नाही आणि चिठ्ठी ईमेलने आली तरी चालेल.

दोन्ही कागदांत एकेक अपवाद होता. टेलिमेडिसिनच्या तत्त्वांमध्ये औषधांच्या याद्या होत्या आणि त्यांतली शेवटची यादी मनाईची होती: अनुसूची ‘एक्स’मधली औषधे आणि एनडीपीएस कायद्याखाली येणारे अमली व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ. घरपोच सेवेच्या अधिसूचनेत हेच गट वगळले होते, आणि भरीला अनुसूची ‘एच-१’ही वगळली होती.

रक्तदाबाची गोळी घरी येऊ शकत होती, मधुमेहाचीही. मॉर्फिन, क्लोनाझेपाम, मेथिलफेनिडेट आणि ब्युप्रेनॉर्फिन येऊ शकत नव्हते. या चार नावांमागे फार वेगवेगळी माणसे आहेत. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यात वेदना सोसणारा रुग्ण, आकडीचा किंवा तीव्र चिंताविकाराचा रुग्ण, लक्ष एकाग्र न होण्याचा विकार असलेले शाळकरी मूल, आणि हेरॉइन सोडून उपचारावर टिकून असलेला तरुण. एरवी ही माणसे एका रांगेत कधी दिसली नसती. टाळेबंदीने त्यांना एकाच अडचणीत उभे केले.

अशा औषधांवर नजर ठेवणारी सगळी व्यवस्था एका गृहीतावर बेतलेली आहे: रुग्ण चालत येईल, समोर उभा राहील, सही करील. साथीने नेमके तेच अशक्य केले. मग जगभर घाईघाईने नियम सैल झाले, आणि एरवी कुणीही करू धजला नसता असा प्रयोग आपोआप घडून आला. कोणते बंधन खरोखर माणसे वाचवते आणि कोणते नुसते सवयीने चालत आले आहे, हे त्या प्रयोगात बऱ्यापैकी दिसले.

याद्यांची उतरंड

आपल्याकडच्या औषधांच्या पाकिटावर लाल रेघ आणि ‘आरएक्स’ ही अक्षरे अनेकांनी पाहिलेली असतात. ती अनुसूची ‘एच’ची, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देण्याच्या औषधांची खूण. प्रत्यक्षात ही पायरी किती पाळली जाते, हे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते.

त्यावरची पायरी अनुसूची ‘एच-१’. ती मार्च २०१४ पासून लागू झाली. सुरुवातीला तिच्यात ४६ औषधे होती. क्षयाची औषधे आणि जबर प्रतिजैविके त्यांत होती, कारण त्यांच्या बेफाम वापराने जंतू निर्ढावत होते. त्यांच्याबरोबर अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमॅडॉल, कोडीन अशी सवय लावू शकणारी औषधेही होती. ही विकताना दुकानदाराने वेगळी नोंदवही ठेवायची, रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव लिहायचे आणि ती नोंदवही तीन वर्षे जपायची.

अनुसूची ‘एक्स’ त्याहून कडक. तिच्यासाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत दुकानदार दोन वर्षे ठेवतो, माल कुलपात असतो, आणि त्यासाठीचा परवानाही वेगळा. मेथिलफेनिडेट आणि केटामाइन इथे येतात. हा परवाना घेण्याच्या भानगडीत बहुतेक दुकानदार पडत नाहीत. त्यामुळे मोठ्या शहरातसुद्धा अशी औषधे मोजक्या दुकानांतच मिळतात, आणि जिल्ह्याच्या गावी तर आशाच सोडावी.

सगळ्यांवर एनडीपीएस कायदा, १९८५. आधीच्या पायऱ्यांवर चूक झाली तर परवाना जाण्याची भीती असते. इथे तुरुंगाची असते.

कागदावर ही उतरंड तर्काला धरून आहे. औषध जितके धोक्याचे, तितका पहारा जास्त. मात्र पहारा वाढतो तसे औषध मिळण्याची ठिकाणे कमी होत जातात, आणि ठिकाणे कमी झाली की रुग्णाचा प्रवास वाढतो. एरवी हा प्रवास कुणाच्या हिशेबात नसतो. रुग्ण तो निमूटपणे करतो. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या लोकल थांबल्या, लांब पल्ल्याच्या गाड्या थांबल्या, जिल्ह्यांच्या सीमांवर नाके बसले, आणि हा लपलेला खर्च एकदम उघड झाला. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात. त्यांच्या गावापासून परळपर्यंतचे अंतर कोणत्याच अनुसूचीत लिहिलेले नव्हते.

भीती खोटी नव्हती

कायदा करणारे निर्दय होते, असे म्हणून विषय संपवता येत नाही. एनडीपीएस कायदा १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला. तो काळ मुंबई-पुण्यात गर्दचा होता. कॉलेजची पोरे ब्राऊन शुगरच्या नादी लागून वर्ष-दोन वर्षांत खंगत होती. अनिल अवचटांनी त्या काळात गर्दवर लिहिले, आणि त्यांनी व डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, ते याच पार्श्वभूमीवर. तेव्हाच्या आईबापांना कडक कायदा हवाच होता.

पण कायद्याचा मार भलत्याच ठिकाणी बसला. वैद्यकीय व शास्त्रीय वापराला कायद्यात मुभा होती, तरी अंमल राज्यांच्या नियमांनी व्हायचा, आणि ते राज्यागणिक वेगळे. मॉर्फिन बाळगायचे, आणायचे, न्यायचे, तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने एकाच वेळी चालू असावे लागत. शेवटचा हातात पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. वर किमान दहा वर्षांच्या शिक्षेची टांगती तलवार. रुग्णालयांनी सोपा मार्ग धरला: मॉर्फिन ठेवायचेच नाही. कायद्यानंतरच्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. डॉक्टरांच्या दोन पिढ्या हे औषध हाताळल्याशिवायच पदवी घेऊन बाहेर पडल्या.

यातला विरोधाभास असा की कायदेशीर अफूची शेती करणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत भारत आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने खसखशीची बोंडे चिरली जातात, आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्या चिकापासून औषधी अल्कलॉइड काढली जातात. वेदनाशमनाचा कच्चा माल इथला, आणि वेदनेने तळमळणारेही इथलेच. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ आयोगाच्या अहवालाने हिशेब मांडला, तेव्हा भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के ओपिऑइड वेदनाशामके पोहोचत असल्याचे दिसले. चीनमध्ये हे प्रमाण १६ टक्के होते आणि मेक्सिकोत ३६.

केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांची ‘पॅलियम इंडिया’ ही संस्था यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांना ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वेगळा दर्जा मिळाला. अनेक परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरेशी झाली. देशभर एकच नियम आला. पण मान्यता घ्यायला संस्था पुढे यायला हवी, तिथे प्रशिक्षित डॉक्टर हवा. महाराष्ट्रातही वेदनाशमनाची चांगली सोय मुख्यतः मुंबई-पुण्याभोवती एकवटलेली राहिली. टाळेबंदी आली ती या अर्ध्या झालेल्या सुधारणेवर.

गोळी चुकली की काय होते

हा सगळा प्रश्न कागदपत्रांचा वाटू शकतो. शरीराला मात्र कागद कळत नाहीत.

मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक रसायन चेतापेशींना शांत ठेवते. क्लोनाझेपाम, क्लोबाझाम, डायझेपाम या गटातली औषधे गाबाचे काम वाढवतात. ती महिनोन्महिने घेतली की मेंदू जुळवून घेतो. आपल्या बाजूने शांत करणारी यंत्रणा तो थोडी ढिली करतो, कारण बाहेरून मदत येतच असते. अशा वेळी औषध एकाएकी थांबले, तर मूळ त्रास परत येतोच, शिवाय त्याहून मोठी उसळी येते. झोप उडते, हात थरथरतात, घाम फुटतो, आणि काहींना आकडी येते. ज्याला अपस्मार आहे, त्याला एकामागून एक न थांबणाऱ्या आकड्या येऊ शकतात. ही जीवघेणी अवस्था आहे. म्हणूनच ही औषधे सोडायची तर आठवडेच्या आठवडे घेऊन, कणाकणाने कमी करायची, असे डॉक्टर सांगतात.

अफूजन्य औषधांचेही असेच, फक्त लक्षणे वेगळी. मॉर्फिन तुटले की वेदना परतते, आणि वर अंगदुखी, जुलाब, उलट्या, तगमग सुरू होते. हेरॉइन सोडून त्याऐवजी उपचार म्हणून मेथाडोन घेणाऱ्या माणसाचा डोस तुटला, तर त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात: हे सगळे सोसायचे, किंवा जुना विक्रेता शोधायचा. मधल्या काळात त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबतो. उपचार तुटल्यावर मृत्यूचा धोका वाढतो, हे साथीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

टाळेबंदीत दारूची दुकाने बंद झाल्यावर हेच शास्त्र वेगळ्या रूपात चव्हाट्यावर आले. केरळ सरकारने मार्च २०२० च्या अखेरीस डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मद्य देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटना उखडल्या: दारू तुटल्यावर येणाऱ्या त्रासावर औषधे आहेत, दारू हे औषध नाही. एप्रिलच्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पण डॉक्टरांनी सुचवलेल्या उपचारातली मुख्य औषधे, म्हणजे डायझेपाम आणि त्याची भावंडे, स्वतःच नोंदवहीतली होती.

मनाईच्या भिंतीत पहिली फटही याच बाजूने पडली. मानसोपचारतज्ज्ञ आणि चेतारोगतज्ज्ञ यांच्या मागणीनंतर क्लोबाझाम, क्लोनाझेपाम आणि फेनोबार्बिटोन ही औषधे टेलिमेडिसिनच्या चालणाऱ्या यादीत आली. व्हिडिओवर रुग्ण पाहून डॉक्टर ती लिहून देऊ शकले.

रोज दारात या

चालत येण्याची अट सर्वांत कडक कुठे असेल, तर अफूच्या व्यसनावरच्या उपचारात. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून मेथाडोन फक्त ठरावीक केंद्रांत मिळते. रुग्णाने रोज सकाळी यायचे, परिचारिकेसमोर डोस प्यायचा आणि जायचे. महिनोन्महिने नीट वागलेल्या रुग्णाला हळूहळू घरी न्यायच्या बाटल्या मिळत. नोकरी सांभाळून, लांबून, बस बदलत हे रोज करणे किती जणांना जमले नसेल, याची मोजदाद कुणी नीट केली नव्हती.

१६ मार्च २०२० रोजी अमेरिकी सरकारच्या व्यसनोपचार विभागाने राज्यांना कळवले की स्थिर रुग्णांना २८ दिवसांचे आणि कमी स्थिर रुग्णांना १४ दिवसांचे मेथाडोन घरी देता येईल. इतकी वर्षे ज्याला अविचार म्हटले जात होते, ते एका पत्राने झाले. धोका खरा होता. मेथाडोन शरीरात फार काळ टिकते, त्याची मात्रा साचत जाते, आणि सवय नसलेल्याने, विशेषतः लहान मुलाने ते घेतले तर जीव जाऊ शकतो. बाटल्या विकल्या जातील, चोरल्या जातील, मृत्यू वाढतील, ही शंका रास्त होती.

आकडे आले तेव्हा चित्र वेगळे निघाले. साथीच्या काळात अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू भयंकर वाढले. एप्रिल २०२१ पर्यंतच्या बारा महिन्यांत त्यांनी एक लाखाचा आकडा ओलांडला. पण त्यांमागे मुख्यतः बेकायदा फेंटानिल होते. ज्या मृत्यूंत मेथाडोनचा हात होता, त्यांचे प्रमाण २०१९ मधल्या ४.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ३.२ टक्क्यांवर आले. बाटल्या घरी गेल्या आणि पूर आला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने ही सवलत कायमच्या नियमात घातली.

भारतातही असेच पाऊल उचलले गेले. एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या सुमारे २.१ टक्के लोकांनी, म्हणजे सव्वादोन कोटींहून अधिक लोकांनी, अफूजन्य पदार्थ वापरल्याचे आढळले होते. सुई टोचून नशा करणाऱ्यांसाठी ‘नॅको’च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिन दिले जाते. ही गोळी जिभेखाली, कर्मचाऱ्याच्या देखत विरघळवायची. टाळेबंदीत नॅकोने अनेक दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला परवानगी दिली. पंजाबात २०१७ पासून सरकारी बाह्यरुग्ण केंद्रांचे मोठे जाळे उभे होते. तिथे दोन-तीन आठवड्यांच्या गोळ्या हातात मिळू लागल्या. हेरॉइनची ने-आण अडली होती, उपचार मात्र सोपा झाला होता. केंद्रांवर नव्या नोंदणीची रीघ लागली.

ब्युप्रेनॉर्फिनच्या बाबतीत हे धाडस मेथाडोनपेक्षा कमी जोखमीचे होते, आणि त्याचे कारण औषधातच आहे. ते अफूजन्य पदार्थांच्या ग्राहीबिंदूंना घट्ट धरते, पण त्यांना अर्धवटच चेतवते. मात्रा वाढवत नेली तरी श्वासावरचा परिणाम एका मर्यादेपुढे फारसा वाढत नाही. अनेकदा त्यात नॅलॉक्सोन मिसळलेले असते. गोळी जिभेखाली ठेवली तर नॅलॉक्सोन जवळजवळ निष्क्रिय राहते, पण कुणी गोळी विरघळवून शिरेत टोचली तर नशा तोडते. म्हणजे पहाऱ्यातला एक हिस्सा गोळीच्या आतच बसवलेला आहे. अशा औषधासाठी रोजची हजेरी लागते का, हा प्रश्न साथीआधीही विचारता आला असता.

अतिदक्षता विभागातली ओढाताण

घरी औषध पोहोचत नव्हते, तेव्हा रुग्णालयात तेच औषध अपुरे पडत होते. व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या माणसाच्या घशात नळी असते. ती सहन व्हावी, त्याने श्वासयंत्राशी झगडू नये, म्हणून त्याला सतत गुंगीत ठेवावे लागते. त्यासाठी मिडाझोलाम, फेंटानिल, मॉर्फिन, केटामाइन लागतात, म्हणजे नियंत्रित औषधांची जवळजवळ सगळी यादीच. कोविडचे रुग्ण कधी आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर राहत. श्वासयंत्रे किती, याची चर्चा जगभर चालू होती. त्या यंत्रांबरोबर लागणाऱ्या औषधांच्या कुप्यांबद्दल बोलायची वेळ नंतर आली.

इतर औषधांची मागणी वाढली की कारखाना जास्त माल काढतो. इथे तसे होत नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रत्येक देश वर्षाला किती अमली औषध लागेल याचा अंदाज आधी कळवतो, आणि सीमेपलीकडे जाणाऱ्या प्रत्येक मालासाठी दोन्ही देशांच्या परवानग्या लागतात. देशांतर्गत उत्पादनालाही कोटा असतो. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या अमली पदार्थ नियंत्रण संस्थेला फेंटानिल, मॉर्फिन, हायड्रोमॉर्फोन, कोडीन यांच्या उत्पादनाचा कोटा १५ टक्क्यांनी वाढवावा लागला. मिडाझोलाम, डायझेपाम, केटामाइन आणि फेनोबार्बिटोन यांची आयातही वाढवावी लागली. यांतली काही नावे वाचकाला ओळखीची वाटतील. आकडीच्या रुग्णाच्या घरातली आणि अतिदक्षता विभागातली औषधे एकाच कुळातली होती.

ब्राझीलमध्ये २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये या टंचाईने टोक गाठले. नळी घालताना व नंतर लागणाऱ्या औषधांचा साठा रुग्णालयांत संपत आला. गुंगीची औषधे नसल्याने रुग्णांचे हात खाटेला बांधावे लागल्याच्या बातम्या रिओ द जानेरोतून आल्या. मोठ्या कंपन्यांनी पैसे घालून चीनमधून या औषधांच्या लाखो मात्रा विमानाने मागवल्या.

इंग्लंडने वेगळीच पळवाट काढली. वृद्धाश्रमांत आणि अखेरच्या काळातल्या शुश्रूषेच्या ठिकाणी एखादा रुग्ण गेला, की त्याची उरलेली औषधे नियमाप्रमाणे नष्ट होत. २०२० च्या एप्रिलअखेर सरकारने सांगितले की तातडीची गरज असेल, पाकीट न उघडलेले असेल, तर ती तिथल्याच दुसऱ्या रुग्णाला देता येतील. एरवी हे ऐकून कोणत्याही औषध निरीक्षकाच्या भुवया उंचावल्या असत्या.

जागतिक पातळीवर तर नवा नियम करायची गरजही नव्हती. भूकंप, युद्ध अशा वेळी नियंत्रित औषधे नेहमीच्या परवानग्यांसाठी न थांबता पाठवता यावीत, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्येच आदर्श मार्गदर्शिका काढली होती. आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाने साथ सुरू होताच देशांना तिची आठवण करून दिली. ऑगस्ट २०२० मध्ये मंडळ, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थविषयक कार्यालय यांनी मिळून पुन्हा आवाहन केले. तरतूद कपाटात होती. अनेक देशांनी ती आपल्या कायद्यात उतरवलेलीच नव्हती.

गळती झाली, पण दुसरीकडे

नियम सैल केल्याचे सगळेच परिणाम गोड होते, असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

अमेरिकेत २००८ पासून एक कायदा होता. ऑनलाइन मागवलेल्या वेदनाशामकाने एका तरुणाचा जीव गेल्यानंतर तो झाला होता, आणि त्यानुसार नियंत्रित औषध लिहून देण्याआधी डॉक्टरने रुग्णाला एकदा तरी प्रत्यक्ष भेटणे बंधनकारक होते. मार्च २०२० मध्ये ही अट स्थगित झाली. हजारो गरजूंना त्याचा फायदा झाला. त्याचबरोबर काही नव्या कंपन्यांना यात धंदा दिसला. समाजमाध्यमांवर जाहिराती झळकू लागल्या: लक्ष लागत नाही? आमच्या डॉक्टरांशी काही मिनिटे बोला. ॲडरॉलसारख्या उत्तेजकांच्या चिठ्ठ्या भराभर निघाल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ॲडरॉलची टंचाई जाहीर केली. वाढलेली मागणी हे तिचे एक कारण, उत्पादनातल्या अडचणी हे दुसरे. ज्या मुलांचा उपचार वर्षानुवर्षे सुरळीत चालला होता, त्यांच्या पालकांना दुकानामागून दुकाने पालथी घालावी लागली. जून २०२४ मध्ये अशाच एका कंपनीच्या प्रमुखांवर अमेरिकी सरकारने खटला भरला. ४ कोटींहून अधिक गोळ्या वाटण्याचा कट केल्याचा आरोप त्यात होता.

मेथाडोनच्या बाटल्या घरी गेल्या आणि अनर्थ झाला नाही. उत्तेजकांच्या चिठ्ठ्या पडद्यावरून निघाल्या आणि झाला. फरक अंतराचा नव्हता, दोन्हीकडे रुग्ण घरीच होता. मेथाडोनच्या केंद्राला आपला रुग्ण माहीत होता. त्याची मात्रा, त्याचे घर, त्याच्या मागच्या चुका, सगळे माहीत होते, आणि एक बाटली जास्त दिल्याने केंद्राचा फायदा होणार नव्हता. त्या कंपन्यांना रुग्ण काल भेटलेला होता, आणि प्रत्येक चिठ्ठीमागे पैसा होता. समोर बसवून सही घेण्याच्या नियमाने या दोघांना एकाच मापाने मोजले असते.

अमेरिकेच्या नियामकांना हा भेद कायद्यात कसा लिहावा हे ठरवता ठरवता नाकी नऊ आले. २०२३ च्या सुरुवातीला त्यांनी जुनी अट बऱ्याच अंशी परत आणायचा मसुदा काढला, तर त्यावर ३८,००० च्या आसपास हरकती व सूचना आल्या. कोविडची आरोग्य आणीबाणी त्याच वर्षी ११ मे रोजी संपली. सवलतींना मात्र मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत राहिली.

पुढच्या वेळेसाठी

आपल्याला यातून काय घेता येईल?

पहिली गोष्ट, ओळखीचा रुग्ण आणि नवा रुग्ण यांत नियमाने फरक करावा. टेलिमेडिसिनच्या तत्त्वांत इतर औषधांसाठी हा फरक आधीच आहे: काही औषधे पहिल्याच व्हिडिओ भेटीत देता येतात, काही फक्त जुन्या रुग्णाला. वर्षभर एकाच मात्रेवर असलेल्या आकडीच्या रुग्णाला पुढच्या महिन्याची चिठ्ठी फोनवर मिळावी, आणि पहिल्यांदाच झोपेची गोळी मागणाऱ्याला मिळू नये, यात अवघड काही नाही.

दुसरी, सवलतीचा आदेश साथ येण्याआधी लिहून ठेवावा. २५ आणि २६ मार्चचे कागद ज्या वेगाने निघाले तो कौतुकाचा होता, पण घाईत लिहिणारा माणूस अपवाद मोठेच ठेवतो. आणीबाणी जाहीर होताच कोणत्या औषधाची किती दिवसांची मात्रा घरी देता येईल, कोण पोहोचवील, नोंद कशी होईल, हे शांत काळात ठरवता येते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाला मॉर्फिनसाठी मान्यता असेल आणि आशा सेविकेला ते पोहोचवण्याचा अधिकार असेल, तर परळ लांब राहत नाही.

तिसरी गोष्ट मोजणीची. नियंत्रणाचे यश आपण जप्तीने मोजतो. किती किलो पकडले, किती गुन्हे दाखल झाले, याचे आकडे दरवर्षी छापून येतात. औषध चुकीच्या हाती गेले तर बातमी होते. योग्य हाती गेलेच नाही, तर ते कुणाच्या नावावर लागत नाही. म्हणून अधिकारी जेव्हा सही करतो, तेव्हा ‘नाही’ म्हणण्याची किंमत त्याला कधीच मोजावी लागत नाही, आणि ‘हो’ म्हणण्याची मोजावी लागू शकते. साथीत काही काळ हे उलटे झाले. ‘नाही’ म्हटल्याने काय होते, ते सगळ्यांना दिसू लागले, आणि नियम महिन्याभरात हलले.

मान्यताप्राप्त संस्था मॉर्फिनच्या साठ्याचा आणि वापराचा हिशेब राज्याच्या औषध नियंत्रकाकडे देतातच. त्या हिशेबावरून कोणत्या जिल्ह्यात वर्षभरात मॉर्फिनची एकही गोळी पोहोचली नाही, याची यादी काढायला नवा कायदा लागत नाही. ती जप्तीच्या आकड्यांशेजारी दरवर्षी छापली, तर नियंत्रणाच्या दोन्ही बाजू एका पानावर येतील, आणि दुसऱ्या बाजूचे उत्तरही कुणाला तरी द्यावे लागेल.